खानदेशात बास्केटबॉलचा खेळाडू हेरायचा असेल तर

शाळेत जाऊन ‘मी बास्केटबॉलचा स्काउट आहे’ असं सांगितलंत, तर मुख्याध्यापक आधी तुमच्या गळ्यात स्कार्फ शोधतील. खेळाडू हेरणं हे वेगळं काम आहे आणि त्याचा कुणी पगार देतं, ही कल्पनाच आपल्याकडे रुजलेली नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये हे काम करतात ते पी.टी.चे सर, एखाद्या क्लबचे प्रशिक्षक, नाहीतर नोकरी सांभाळून रविवारी एसटीने फिरणारे जुने खेळाडू. भाडं खिशातलं आणि सुट्टी घरच्यांच्या वाट्याची. दोन-चार फेऱ्या फुकट गेल्या की माणूस वैतागतो आणि समोर दिसेल त्या उंच पोराचं नाव लिहून मोकळा होतो. बहुतेक चुकीच्या निवडी अशाच होतात.

बास्केटबॉलचा खेळाडू बास्केटबॉलच्या कोर्टवरच सापडतो, ही समजूत आधी सोडा. पक्की कोर्टं शहरांत आणि मोजक्या मोठ्या शाळांत आहेत. तिथली मुलं आधीच कुणाच्या तरी नजरेत असतात. तुम्हाला हवी ती मुलगी कदाचित धडगावकडच्या आश्रमशाळेत व्हॉलीबॉलला जाळ्यापाशी उभी असेल, किंवा अमळनेर तालुक्यातल्या एखाद्या गावात खो-खो खेळत असेल.

कोणत्या मैदानावर काय बघायचं

कबड्डीत चढाईवाल्याला टाळ्या मिळतात. तुम्ही मात्र कोपऱ्याचा खेळाडू बघा. गुडघ्यात वाकून, पाय एकमेकांत न अडकवता, नजर समोरच्याच्या कमरेवर ठेवून जो बाजूला सरकतो, त्याची बास्केटबॉलमधली बचावाची चाल अर्धी तयार आहे. आट्यापाट्यात पाटी अडवणाऱ्याचंही तेच.

खो-खोत पळणाऱ्याची हुल बघा. बास्केटबॉलमध्ये ज्याला इंग्रजीत ‘फेक’ (fake) म्हणतात ती ही हुलच. खांबाजवळ वळताना वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं तेव्हा वरचं अंग डगमगतं का? डगमगत नसेल तर नाव लिहून घ्या. व्हॉलीबॉलमध्ये स्मॅशपेक्षा ब्लॉक महत्त्वाचा: उडी किती उंच यापेक्षा ती कधी घेतली, आणि खाली येताना दोन्ही पायांवर येते की एकावर. उंच उडीवाले एका पायावर टेकऑफ घेतात आणि ले-अपला, म्हणजे धावत येऊन उडी घेत बास्केटजवळून टाकायच्या शॉटला, तेच लागतं.

हँडबॉलची मुलं सगळ्यांत लवकर तयार दिसतात. झेल पक्का, एका हाताची फेक जोरदार. पण तिथे चेंडू हातात धरून तीन पावलं चालतात, इथे दोनच. ती तिसऱ्या पावलाची सवय जायला वेळ लागतो, आणि पहिल्या स्पर्धेत पंच सारखी शिट्टी वाजवतात तेव्हा पोरगं खचतं. हे त्याला आणि त्याच्या सरांना आधीच सांगून ठेवा.

वर्षाचं गणित

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात: तालुका, जिल्हा, मग नाशिक विभाग, मग राज्य. वेळापत्रक जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळतं. आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तरीय स्पर्धा वेगळ्या. त्यांच्या तारखा नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावलच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांत विचारा. या स्पर्धा चुकवू नका. एका दिवसात इतक्या दुर्गम शाळांची मुलं दुसरीकडे कुठेच एकत्र दिसत नाहीत.

पावसाळ्यात काळ्या मातीच्या मैदानावर पाय रुततो, तिथे वेग मोजण्यात अर्थ नाही. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी असते आणि वरच्या वर्गांतली मुलं शेतात असतात. दिवाळीनंतर नंदुरबारच्या डोंगरातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात, मुलंही सोबत जातात. पटावर नाव आहे आणि मूल नाही, असं होतं. होळीच्या आधी-नंतरचे आठ दिवस अक्कलकुवा-धडगाव पट्ट्यात जाऊच नका, आश्रमशाळा रिकाम्या असतात. मार्चपासून चाचणी सकाळी नऊच्या आत संपवा. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा चाचणी घेणं हा निव्वळ निष्काळजीपणा. राहता राहिले जुलै ते सप्टेंबरचे कोरडे दिवस आणि डिसेंबर-जानेवारी.

फिरण्यासाठी सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग धरला तर नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, धरणगाव, जळगाव अशी गावं एका रुळावर येतात. डोंगरातल्या शाळा मात्र एसटीवर. मुक्कामाची तयारी ठेवूनच जा.

मोजमाप: टेप, गुण्या आणि वही

स्टीलचा टेप घ्या, कापडी टेप ताणला जातो. सुताराचा गुण्या घ्या. ओळंब्यात असलेली भिंत शोधा. मूल अनवाणी, टाचा आणि पाठ भिंतीला, नजर सरळ समोर. गुण्याची एक बाजू भिंतीला आणि दुसरी डोक्यावर टेकवून पेन्सिलने खूण करा. दोनदा मोजा, अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. वेळही लिहा, कारण सकाळच्या मानाने संध्याकाळी माणूस सुमारे एक सेंटीमीटर कमी भरतो. पुढच्या वर्षी वाढ मोजाल तेव्हा हा एक सेंटीमीटर फसवतो.

मग भिंतीला पाठ लावून दोन्ही हातांचा फैलाव, बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत. मग टाचा न उचलता एका हाताची पोहोच. रिंग ३.०५ मीटरवर असते आणि ती डोक्याने गाठायची नसते. त्यामुळे एकच आकडा जपून ठेवायचा असेल तर उंचीऐवजी ही पोहोच ठेवा. सारख्या उंचीच्या दोन मुलांत पोहोचीचा चांगला चार बोटं फरक निघतो. शेवटी स्टुलावर बसवून बसण्याची उंची. वाढीच्या काळात आधी पाय लांबतात, धड नंतर. पाय लांब आणि धड अजून लहान असेल तर वाढ बाकी असण्याची शक्यता जास्त.

आईवडिलांच्या उंचीवरून अंदाज काढता येतो. मुलासाठी दोघांच्या उंचीची बेरीज, अधिक १३, भागिले २. मुलीसाठी १३ वजा करायचे. वडील १६८ आणि आई १५५ असतील तर मुलाचा अंदाज १६८, मुलीचा १५५. दोन्हीकडे ८-९ सेंटीमीटरची चूक धरा. उंची सांगीव घेऊ नका. बाप स्वतःची उंची वाढवून सांगतो आणि आईची कुणी मोजलेलीच नसते.

हा अंदाज कामाला येतो तो १४ वर्षांखालील गटात. मुलांची सर्वांत वेगवान वाढ साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास होते, मुलींची बाराव्याच्या. तेरा वर्षांचा, मिसरूड फुटलेला, आवाज फुटलेला १७२ सेंटीमीटरचा पोरगा तालुक्यात सगळ्यांच्या डोक्यावरून चेंडू टाकतो, कारण त्याची वाढ जवळपास झालेली असते. त्याच संघातला बालआवाजाचा, १६२ चा, पायात पाय अडकणारा मुलगा तीन वर्षांनी त्याच्या पुढे जाऊ शकतो. वेगाने वाढणारं मूल काही महिने बोजड होतं आणि गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडावर दुखतं म्हणतं. त्याला तेव्हाच्या चपळाईवर नापास करू नका. मुलींच्या बाबतीत पाळी सुरू झाली का हे वाढीचा अंदाज घेण्यासाठी विचारावं लागतं. ते बाईंनीच विचारायचं, तुम्ही नाही.

जन्मतारखेचं एक वेगळंच आहे. शाळेच्या रजिस्टरात अर्ध्या वर्गाचा जन्म १ जूनला झालेला दिसेल. नाव घालताना गुरुजींनी टाकलेली ती तारीख. ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला आणि शाळेचा निर्गम उतारा जुळतात का, हे पहिल्याच भेटीत बघा. राज्य पातळीवर जाऊन वय चुकीचं निघालं तर मुलावर बंदी येते आणि चूक मात्र मोठ्यांची असते.

मैदानावरची चाचणी

फक्कीने ४.९ मीटर रुंद आणि ५.८ मीटर लांब चौकोन आखा. बास्केटखालच्या निर्बंधित क्षेत्राचं हेच माप. मूल एका कोपऱ्यातून पुढे पळतं, आडवं सरकतं, मागे मागे पळत येतं, पुन्हा आडवं सरकून सुरुवातीला पोहोचतं आणि लगेच उलट दिशेने तेच करतं. घड्याळ सगळ्यांसाठी एकाच माणसाने धरायचं. हाताने लावलेली वेळ यंत्राच्या वेळेपेक्षा साधारण ०.२ सेकंदांनी कमी येते, म्हणून मोबाइलवर सापडलेल्या परदेशी आकड्यांशी तुलना करू नका. त्याच शाळेतले पहिले तीन कोण, एवढंच पाहा.

क्रम असा: दहा मिनिटं अंग गरम, मग उडी, मग २० मीटर धाव, मग चौकोन, मग चेंडू. उडीसाठी बोटांना खडू, उभ्याची खूण आणि उडीची खूण, तीन प्रयत्नांतला उत्तम. दोन चाचण्यांत तीन मिनिटं विश्रांती. बूट हा नेहमीचा घोळ. एकाला स्पोर्ट्स शूज, दुसरा अनवाणी, तिसरा मोठ्या भावाचे बूट घालून आलेला. सगळ्यांना अनवाणी पळवा किंवा सगळ्यांना बुटात. दहा वाजल्यानंतर सिमेंटवर अनवाणी पळवू नका, तळवे भाजतात.

चेंडू मातीवर उसळत नाही. भुसभुशीत मैदानावर ड्रिबल, म्हणजे टप्पे देत चेंडू नेणं, जमलं नाही म्हणून मूल कच्चं ठरत नाही. शाळेचा सिमेंटचा ओटा, प्रार्थनेचं आवार, काहीही चालेल. मुलींसाठी ६ नंबरचा चेंडू, मोठ्या मुलांसाठी ७, बारा वर्षांच्या आतल्यांना ५. बाहेर रबरीच वापरा. डोक्याच्या उंचीवरून सोडलेला चेंडू कमरेच्या थोडा वर आला की हवा बरोबर. शाळेत खांब असेल तर आधी रिंग मोजा. लोंबकळून पुढची कड वाकलेली असते, मुरूम टाकून जमीन वर आलेली असते. रिंग २.९० वर असेल, तर तिला हात लावणारा ‘उड्या मारणारा’ पोरगा तुम्हाला १५ सेंटीमीटरने फसवतोय.

मग खरी चाचणी: वीस मिनिटांत ले-अप शिकवा. उजव्या हाताने टाकताना उजवं पाऊल, डावं पाऊल, उजवा गुडघा वर. आधी चेंडूशिवाय, मग चेंडू हातात धरून, मग एक टप्पा देऊन. बास्केट झाली का हे मोजू नका. एका वेळी एकच दुरुस्ती सांगा आणि पुढच्याच प्रयत्नात ती दिसते का ते बघा. पहिल्या दिवशी पाचपैकी पाच करणाऱ्यापेक्षा, दोन करून सांगितलेली चूक दुरुस्त करणारं मूल जास्त पुढे जातं.

दोन-तीन आठवड्यांनी न कळवता परत या. पावलं टिकली आहेत का, स्वतःहून सराव केला का, हे तेव्हा कळतं. पहिल्या भेटीत शाळेत एक चेंडू ठेवून या आणि तो मुलांच्या हातात राहील असं सरांकडून कबूल करून घ्या. चेंडू कपाटात कुलूपबंद राहिला असेल, तर तुमची दुसरी चाचणी मुलाची नसून कपाटाची आहे.

सामना बघताना

मध्यभागी पाहुण्यांच्या खुर्चीत बसू नका. तिथे चहा येतो, ओळखी निघतात आणि सामना बघायचा राहतो. बास्केटच्या मागच्या कोपऱ्यात उभे राहा. दहा मिनिटांच्या एका क्वार्टरमध्ये एकाच खेळाडूकडे बघा, चेंडू कुठेही असो. नव्या माणसाला हे फार जड जातं, नजर चेंडूमागे धावते.

गुण मोजू नका, ते गुणलेखक लिहितोच. वहीत चार रकाने करा. पहिला: स्वतःची चूक झाल्यावर पुढचे पाच सेकंद. चेंडू हिरावला गेला की काही मुलं पंचांकडे हात पसरतात, काही साथीदारावर डोळे काढतात, काही तोवर मागे पळत सुटलेली असतात. दुसरा: मागे परतण्याची प्रत्येक धाव पूर्ण की अर्धी. तिसरा: शॉट सुटल्यावर नुसतं वर बघत राहतो की आधी समोरच्या संघातला माणूस पाठीशी अडवून धरून मग चेंडूकडे जातो. चौथा: बाहेर बसवल्यावर काय करतो. टॉवेल डोक्यावर घेऊन बसतो, की आत गेलेल्याला काही सांगतो?

वीस गुणांनी जिंकत असलेल्या संघातला खेळाडू बघून काही कळत नाही. हरणाऱ्या संघात, शेवटच्या पाच मिनिटांत, चार फाउल झालेला असताना कोण कसा खेळतो ते बघा. पाचव्या फाउलला बाहेर जावं लागतं हे माहीत असूनही जो बचाव सोडत नाही, फक्त हात न घालता पायांनी करतो, तो विचार करणारा खेळाडू.

आणि एका सामन्यावर नाव काढूही नका, ठरवूही नका. निदान तीनदा बघा, त्यातली एक वेळ सरावाची असू द्या. पोरगं आदल्या रात्री झोपलं होतं का, हेही विचारा. शेतीची लाईट रात्रीच्या पाळीत असेल तर मोठी मुलं पहाटेपर्यंत पाणी भरत असतात. त्या सकाळच्या सामन्यात दिसणारा आळस हा आळस नसतो.

आरोग्य, निवडीच्या आधी

सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिसने वाहक की रुग्ण हे ठरतं. वाहक मूल खेळू शकतं. पण उन्हात, पाणी न पिता, सलग जोरात पळवलं तर कोसळू शकतं. पाय गळाल्यासारखे झाले म्हणणाऱ्याला अंगचोर म्हणू नका. तिथेच थांबवा, सावलीत न्या, पाणी द्या, आणि पाच-दहा मिनिटांत बरं वाटलं नाही तर थेट रुग्णालय. प्रत्यक्ष रुग्ण असलेल्या मुलाचा निर्णय डॉक्टरांचा.

दुसरी गोष्ट या खेळाशीच जोडलेली. फार उंच, सडपातळ, हातांचा फैलाव उंचीपेक्षा खूप जास्त असं मूल दिसलं की स्काउटचे डोळे चमकतात. मार्फान नावाच्या आजारातही शरीर असंच असतं आणि त्यात हृदयातून निघणारी महाधमनी कमकुवत होते. मूठ मिटल्यावर आत घेतलेला अंगठा करंगळीकडून बाहेर डोकावतो का? एका हाताच्या अंगठ्याने आणि करंगळीने दुसरं मनगट वेढलं तर नखं एकमेकांवर चढतात का? छातीचं हाड आत गेलेलं किंवा बाहेर आलेलं आहे का? अशा खुणा असतील, किंवा फैलाव उंचीच्या १.०५ पटीहून जास्त असेल, तर हृदयाची २-डी इको होईपर्यंत त्याला पळवू नका. या खुणांवरून निदान होत नाही, डॉक्टरांकडे न्यायला मात्र त्या पुरेशा आहेत.

घरी गेल्यावर

संध्याकाळी जा, शेतातून लोक परतल्यावर. सोबत शाळेचे सर हवेत, मुलीच्या घरी बाई. अहिराणी येत असेल तर अहिराणीत बोला. ‘पोऱ्या कितला उंच शे!’ एवढ्याने ओटा जवळ येतो. डोंगरात पावरी किंवा भिली बोलणारे स्थानिक शिक्षक बरोबर घ्या, नाहीतर बाप मान डोलावेल आणि निर्णय घरात वेगळाच होईल. आजीशी बोलल्याशिवाय मुलीचा होकार पक्का समजू नका.

नोकरीचं वचन देऊ नका. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्यासाठी ठरावीक दर्जाच्या स्पर्धेतलं ठरावीक स्थान लागतं आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. रेल्वेत क्रीडा कोटा आहे, जागा थोड्या. कुणी अमेरिकेचं नाव काढलंच तर खरं ते सांगा: पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१५ मध्ये एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या दरवर्षीच्या निवडीत) निवडला गेलेला पहिला भारतीय, ५२ व्या क्रमांकावर, आणि उंची सात फुटांवर असूनही त्याला एनबीएच्या नियमित हंगामात एकही सामना खेळायला मिळाला नाही. बापाला हे ऐकून वाईट वाटलं तरी तुमच्यावरचा विश्वास वाढतो.

बोलायचं ते खर्चाचं आणि मुक्कामाचं. वसतिगृह कोणाचं, जेवण काय, मुलींच्या वसतिगृहात वॉर्डन बाई आहेत का, महिन्याला बापाच्या खिशातून किती जाणार, दहावीच्या वर्षी सरावाचे तास किती. हे कागदावर लिहून, वाचून दाखवून, एक प्रत घरी ठेवा. मुलामुलींना एकटं बोलावून चाचणी घेऊ नका, पालकांच्या लेखी संमतीशिवाय व्हिडिओ काढू नका. हा पोक्सोच्या काळातला केवळ बचाव नाही, एवढी अदब असायलाच हवी.

अहवाल

एक पान पुरे. वर नाव, दाखल्यावरची जन्मतारीख, उंची, फैलाव, पोहोच, मोजल्याची तारीख आणि वेळ. खाली तीन परिच्छेद: आज काय येतं, काय येत नाही, त्यातलं काय सहा महिन्यांत शिकवता येईल. ‘उत्तम खेळाडू’, ‘होतकरू’ असले शब्द कापा, प्रशिक्षक ते वाचत नाहीत. ‘डाव्या हाताने ड्रिबल करताना खाली बघतो; सांगितल्यावर तिसऱ्या प्रयत्नात मान वर’ हे ते दोनदा वाचतात.

व्हिडिओ मोबाइल आडवा धरून, कोपऱ्यातल्या उंच जागेवरून, न कापलेला सहा ते आठ मिनिटांचा. चुकलेले शॉट ठेवा. नुसत्या बास्केटांचा तुकडा पाठवला की बघणारा विचारतो, बाकीचं काय लपवलं? व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्र पुसट होऊन जर्सीचा नंबरही दिसत नाही.

एक दुसरी वहीही ठेवा, ज्यांना घेतलं नाही त्यांची. नाव, गाव, त्या दिवशीची पोहोच आणि नाकारण्याचं एका ओळीतलं कारण. शेजारी पुढच्या वर्षीच्या पोहोचीसाठी रिकामा रकाना. त्या शाळेवरून एसटी पुन्हा जाईल तेव्हा उतरायचं, गुण्या काढायचा आणि तो रकाना भरायचा. पोहोच आठ-दहा सेंटीमीटरने वाढलेली निघाली तर नाव पहिल्या वहीत घ्या, आणि जुनं कारण खोडू नका.